टाकळीकर सरांशी ओळख

बसा हो, घाई कसली करायलात? चहा येऊ द्या. तवर एक किस्सा सांगतो, आमच्या गल्लीतलाच हाय, ताजा हाय. ऐकताना मधी मधी तुम्हाला वाटंल, हा बाबा फेकायलाय. वाटू द्या. ह्या किश्श्यात सगळेच एकमेकावर संशय घेत्यात, तुम्ही माझ्यावर घेतला तर काय बिघडलं?

तर आमच्या गल्लीत सरदारभाईंचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाय. त्यांचं पोरगं मोईन. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेतलेलं. पोरगं हुशार, पण लाजाळू असं की दुकानात गिऱ्हाईक आलं की गिऱ्हाइकाच्या आधी हाच दचकायचा. वर्गात शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला. तीन वर्षं त्या खांबाशीच काय ती ओळख झाली.

ह्या मोईनला बेंगळुरातल्या एका मोठ्या संस्थेत उन्हाळाभर शिकायला जायचं होतं. तिथं म्हणे असली यंत्रं हायेत की पाण्याचा एक थेंब दाखवला तर त्याच्या सात पिढ्या सांगत्यात. पोराला त्या यंत्रांनी झपाटलं होतं. जेवताना ताटाकडं नाय, मोबाईलमधी त्या यंत्राच्या फोटोकडं बघायचा. सगळी माहिती भरली, अन् एका ठिकाणी येऊन गाडी अडली. तिथं विचारलं होतं, तुमच्या विषयाच्या अशा एका प्राध्यापकाचं नाव सांगा जे तुम्हाला जवळून ओळखत्यात. आम्ही त्यांनाच परस्पर विचारू. नाव द्यायचं दिवाळीच्या आत.

आता तुम्हीच सांगा, कॉलेजातला सर पोराला जवळून कशाला ओळखंल? वर्गात शंभर-सव्वाशे टाळकी. ज्या पोराचं नाव सरला पाठ हाय, त्यानं काहीतरी उपद्व्याप केलेलाच असतोय. चांगल्या पोराची कॉलेजात ओळख नसतीय. काच फोडणाऱ्याची असतीय.

त्यातून रसायनाला कायमचे सर एकच, केशव टाकळीकर. बाकीचे तासिकेवरचे. पोरांना त्यांची नावं पाठ होस्तोवर ते दुसऱ्या कॉलेजात गेलेले असत्यात.

टाकळीकर सर म्हंजी सोन्यासारखा सरळ माणूस. पण संशयी! भाजीवाल्यानं कोथिंबिरीची काडी वरून टाकली तर सर मेथीची जुडी सोडून बघायचे, की ह्यात काय खोट हाय. पोरानं 'गुड मॉर्निंग' म्हटलं की आधी घड्याळ बघायचे, खरंच सकाळ हाय का. नोकरी सरत आली होती, पण कुणाच्या घोटभर चहाला मिंधे झाले नव्हते.

तुम्ही म्हणाल, मोईननं सरळ जाऊन सांगायचं. सांगणारच होता. पण तिथं 'जवळून ओळखत्यात' असं लिहिलेलं. ओळख नसताना 'ओळखतो' म्हणायला लावणं म्हंजी सरांना खोटं बोलायला लावणं, अन् सर खोटं बोलायचे नाय. म्हणून पोरानं ठरवलं, आधी खरी ओळख करायची, मग सांगायचं. पोरगं इमानदार होतं, तिथंच घोटाळा झाला. लबाड असतं तर एका दिवसात काम उरकलं असतं.

गणपतीच्या दिवसांत ओट्यावर विषय निघाला. आमच्या गल्लीत सर्जेराव म्हणून हायेत. वॉर्डाची निवडणूक कधी का लागंना, हे उभेच. त्यांनी पोराला जवळ बसवलं.

"पोरा, ओळख म्हंजी काय? समोरच्याला तुझं तोंड दिसलं पाहिजे. सारखं. झोपंत बी."

"झोपंत कशाला काका?"

"मंग! उठल्या उठल्या माणूस तुझंच नाव घेतंय."

मोईन दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसला. सर फळ्याकडून वळले, अन् बोलता बोलता थांबले.

"तू. नवीन आहेस?"

"नाय सर. तीन वर्षं हाय."

"मग आज इथं का बसलास?"

"नीट दिसावं म्हणून."

"तीन वर्षं दिसत नव्हतं?" सर बाकाजवळ आले. "ते पेन दे."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. आत बघितलं. कॅमेरा-बिमेरा हाय का, म्हणून उजेडाकडं धरलं. मग रिफिल काढली, फुंकली, अन् परत देत म्हणाले, "लिही." सगळा वर्ग हसला. मोईननं त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नाय. पेन चालतच नव्हतं.

पण मेहनती पोरगं. म्हणाला, वर्गात नाय तर केबिनमधी. केबिनच्या दारात शिपाई कडूबाई बसलेल्या. त्यांना ओलांडून जायचं म्हंजी किल्ला चढायचा.

"काय काम हाय?"

"काम नाय मावशी. सरांना भेटायचंय."

"काम नाय तर भेटायचं कामून?"

"असंच."

"असंच?" कडूबाई स्टुलावरनं उठल्या. "मी नोकरीला लागल्यापासून हितं असंच कुणी आलं नाय. त्यांची बायको बी काम काढूनच येतीय. मार्काचं असंल तर सांग. हजेरीचं असंल तर सांग. असंच असंल तर अर्ज आण."

"असंच भेटायचा अर्ज?"

"व्हय. विषय, असंच. खाली सही."

पोरानं खरंच अर्ज लिहिला, राव! कडूबाईंनी तो उलटा-सुलटा बघितला अन् सोडलं आत.

सरांनी मान वर न करता विचारलं, "किती कमी पडले?"

"काय सर?"

"मार्क."

"कमी नाय पडले सर."

"मग हजेरी?"

"पूर्ण हाय."

आता सरांनी चष्मा काढला. मार्क हायेत, हजेरी हाय, अन् पोरगं समोर उभं हाय. असलं प्रकरण त्यांच्या उभ्या नोकरीत आलं नव्हतं. मोईनला त्याच्या अम्मीनं, गौहरबींनी, शिकवून पाठवलं होतं, की मोठ्या माणसाला आधी तब्येत विचारावी. त्यानं विचारली.

"सर, तुमची तब्येत कशी हाय?"

सरांनी उठून दाराबाहेर बघितलं.

"कोणी सांगितलं तुला?" सर बारीक आवाजात म्हणाले.

"काय सर?"

"माझ्या तब्येतीबद्दल. कोण काय बोलतंय?"

मोईन घाबरून बाहेर. अन् मागून कळालं, सर त्या दिवशी कॉलेजातनं सरळ डॉक्टरकडं गेले अन् रक्तदाब मोजून आले. तवर नॉर्मल होता. पोरानं विचारल्यावर वाढला.

घरी पोरगं तोंड पाडून बसलं. गौहरबी म्हणाल्या, "खाली हाथ गया था ना? खाली हाथ जाते क्या किसी के पास? शरम की बात है!" त्यांची बहीण दौलताबादला, दारात सीताफळाची झाडं. लगोलग टोपली आली. सीताफळाचं तुम्हाला ठाऊकच हाय, सकाळी दगड, दुपारी लोणी, सांजच्याला वाया. मोईन टोपली गाडीवर बांधून सिडकोत सरांच्या घरी पोचला तवा सगळी फळं लोण्याच्या बेतात होती.

दार सरांच्या बायकोनं उघडलं, दमयंतीबाईंनी. ह्या बाई सरांच्या अगदी उलट्या. माणूस दिसला की आधी पाणी देणार, मग नाव विचारणार.

"अगं बाई, केवढी ही! ये ना आत. पण हळू बोल हं, हे आतल्या खोलीत परीक्षेचा पेपर काढतायत. दार लावून बसलेत. मलासुद्धा आत येऊ देत नाहीत, चहा उंबऱ्यावर ठेवते मी."

मोईन पाणी पिला, टोपली ठेवली, आला. इकडं फळं वाया जायला नकोत म्हणून बाईंनी सगळ्या बिल्डिंगमधी वाटून टाकली. सर खोलीतनं बाहेर आले तर टोपली रिकामी, अन् घरभर वास.

"कुणी दिली?"

"तुमचा विद्यार्थी. मोईन. दौलताबादच्या मावशीच्या झाडाची आहेत म्हणाला. इतका गोड मुलगा, तुमच्या तब्येतीचं विचारत होता."

संपलं! पेपर काढायचा दिवस, अन् दारात टोपली. सर चप्पल घालून खाली उतरले, अन् एकेक दार वाजवत सुटले. "सीताफळं खाऊ नका! परत द्या!" आता पिकलेलं सीताफळ घरात आल्यावर कुणी मुहूर्ताची वाट बघतंय का? लोकांनी ओशाळून साली परत दिल्या. एका म्हाताऱ्यानं तर तोंडातली बी पण काढून दिली. सरांनी ते सगळं टोपलीत भरलं अन् दुसऱ्या दिवशी भर वर्गात मोईनच्या पुढ्यात ठेवलं.

"तुझी वस्तू. पूर्ण आहे. बघून घे."

पाव्हणं, माणसानं तोंडावर मारलं तर गाल चोळता येतोय. सालीची टोपली कडेवर घेऊन पोरगं कॉलेजच्या फाटकातनं बाहेर आलं, तवा काय चोळावं? अन् टोपलीभोवती माशा. दिवाळी जवळ यायली, बेंगळूर लांब चाललेलं.

संध्याकाळी ओट्यावर सर्जेराव पुन्हा हजर. ह्या माणसाला दुसऱ्याच्या अडचणीचा वास लांबनं येतोय.

"काय म्हणतंय तुझं प्रकरण?"

"सर चिडले काका. कामात होते. दार लावून परीक्षेचा पेपर काढायलेत ना, त्यात मी गेलो."

सर्जेराव सरळ बसले. "म्हंजी एवढ्या पोरांचा पेपर हे एकटे काढणार? त्यांची निवड झाली?"

"व्हय, पण काका..."

"अन् कुणी अभिनंदन केलं का नाय?"

"अभिनंदन कशाचं काका? ते..."

"तू गप. माणूस रुसला का, ते आता कळालं. एवढी मोठी निवड, अन् गावाला पत्ता नाय! मी बघतो."

मोईनला वाटलं, काका फोन-बिन करतील. पण सर्जेरावांच्या डोक्यात फोन नसतोय. त्यांच्या डोक्यात फ्लेक्स असतोय.

सकाळी सरांच्याच कॉलनीच्या चौकात, दुमजली घराएवढं बॅनर! वर सर्जेराव, गॉगल घालून, एक हात वर. मधी सर. त्यांचा फोटो कॉलेजच्या वेबसाईटवरनं उचललेला, त्यात सर असे बघायलेत की फोटोवाल्यानंच काहीतरी चोरलंय. खाली मोईन, हात जोडून. त्याचा तो फोटो बहिणीच्या लग्नातला, म्हणून गळ्यात फुलांचा हार. अन् अक्षरं ही एवढी मोठी:

'कॉलनीचे भूषण, रसायनसम्राट प्रा. केशव टाकळीकर सर यांची परीक्षेचे पेपर काढण्यासाठी गुप्त निवड झाल्याबद्दल जाहीर अभिनंदन!'

गुप्त निवड, जाहीर अभिनंदन! छापणाऱ्यानं म्हणे विचारलं होतं, निवड कसली घालू? सर्जेराव म्हणाले, दार लावून झालीय. त्यानं घातलं गुप्त.

मोईननं ते बघितलं अन् जागच्या जागी बसला. मग उठून पळत वॉर्डाच्या हपिसात गेला.

"साहेब, चौकातलं बॅनर काढा."

"लावायची परवानगी दाखव."

"परवानगी घेतलेलीच नाय."

"मग ते बॅनर आमच्या लेखी लागलेलंच नाय. जे लागलंच नाय, ते काढायचं कसं?"

पोरानं कुठनं तरी शिडी आणली, कात्री घेतली अन् स्वतः चढला. दोन दोऱ्या तोडल्या तवर कॉलनीतल्या लोकांनी शिडी धरली.

"सरांचं बॅनर फाडतो व्हय रे?"

"अहो, माझंच हाय! तो बघा खाली माझा फोटो!"

लोकांनी फोटो बघितला, पोराकडं बघितलं. "फोटोत हात जोडलेत अन् हितं कात्री? सोडू नका ह्याला, आतल्या गोटातला दिसतोय."

ह्या धरपकडीत बॅनरचा फोटो कॉलेजातल्या समद्या पोरांच्या मोबाईलवर जाऊन बसला. अन् मग सरांच्या फाटकासमोर जी जत्रा भरली! जो तो सरांशी ओळख करायला आलेला. जो तो तब्येत विचारायलाय. गंगापूरचं एक पोरगं उसाची मोळी घेऊन आलं अन् फाटकाला टेकवून गेलं, सरांची स्कूटर आतच अडकली. फर्दापूरचं एक म्हणालं, "सर, घरच्यांना घेऊन या, सगळी लेणी फिरवतो, जेवण आमच्याकडं." मोनाली म्हणून एक पोरगी तर आजोबांनाच धरून घेऊन आली.

"सर, हे आमचे आजोबा. तुमच्याबरोबर शाळेत होते."

"अगं, ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत!"

"ते नापास व्हायचे ना, सर."

अन् कॉलनीवाल्यांची दुसरीच तऱ्हा. त्यांनी बॅनर बघितलं, त्यात सर्जेराव बघितले, अन् ठरवलं, सर निवडणुकीला उभे राहणार. एक बाई पाण्याचा हंडा घेऊनच आली. "सर, निवडून यायच्या आधी आमच्या नळाचं तेवढं बघा."

सरांनी काय केलं माहितीय? सरळ माणूस. आतल्या खोलीतला अर्धा झालेला पेपर उचलला, मागच्या दारानं बाहेर पडून रिक्षानं कॉलेजात गेले, अन् प्राचार्यांच्या देखत तो फाडून टाकला. म्हणाले, "हे काम दुसऱ्याला द्या. आणि माझी चौकशी करा." स्वतःच! प्राचार्य म्हणाले, चौकशी करू, पण त्या पोराला बी बोलवू.

कुणी बी म्हणंल, आता सर गप घरी बसतील. नाय. ज्या माणसाला मेथीच्या जुडीत चैन पडत नाय, त्याला हे कसं सोसावं? सरांनी मनाशी गाठ मारली, ह्या पोराच्या मागं कोण हाय ते शोधून काढायचंच.

एका दुपारी सरदारभाईंच्या दुकानात एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट. हातात कुकर. हेल्मेट काढलंच नाय.

"काय झालं कुकरला?" सरदारभाईंनी विचारलं.

"शिट्टी देत नाही."

सरदारभाईंनी पाणी घातलं, शेगडीवर ठेवलं. कुकरनं अशी शिट्टी दिली की समोरचं कुत्रं उठून गेलं.

"देता तो है साब."

"कधी कधी देत नाही." हेल्मेट इकडं-तिकडं फिरलं. "मुलं किती तुम्हाला?"

सरदारभाईंचा हात थांबला. "कुकर का और बच्चों का क्या लेना-देना साब?"

"सहज. दुकान कुणाच्या नावावर आहे?"

सरदारभाईंनी गल्ल्यावर फडकं टाकलं. टॅक्सवाला! नक्की टॅक्सवाला! त्यांनी हळूच चहा मागवला. हेल्मेट म्हणालं, "चहा नको." मग तर खात्रीच पटली. चहा नको म्हणणारं गिऱ्हाईक नसतंय, साहेबच असतोय.

"किती झाले?" हेल्मेटनं पाकीट काढलं.

"काहेके? मैंने कुछ कियाच नहीं."

"वेळ गेला तुमचा. घ्या."

"नहीं साब. जो काम किया नहीं उसका पैसा नहीं लेता मैं."

"घ्या म्हणतो ना!"

"नक्को बोला ना!"

एक जबरदस्तीनं द्यायलाय, दुसरा हात मागं घ्यायलाय. अन् दोघांच्या बी मनात एकच, हा माणूस मला अडकवायलाय. तेवढ्यात मोईन दुकानात शिरला.

"सर?"

हेल्मेट गोठलं. मग आतनं आवाज आला, "कुकर. कुकर दाखवायला आलो होतो." अन् सर कुकर काखेत मारून गेले.

मोईननं त्या दिवशी बापाला सगळं सांगितलं. बापानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "बेटा, बेंगळूर राहू दे. पण त्या माणसाच्या नावाला तुझ्यामुळं डाग लागला तर ते बरं नाय. तिथं जाऊन जे खरं ते बोल." पोरानं मान हलवली. आत जाऊन मोबाईलमधल्या त्या यंत्राचा फोटो काढून टाकला, असं गौहरबींनी मला सांगितलं. सांगताना डोळे पुसत होत्या.

चौकशीचा दिवस. प्राचार्यांची खोली. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मोईन. मधी प्राचार्य अन् परीक्षा बघणाऱ्या एक मॅडम. दारात कडूबाई, चहाचा ट्रे धरून. चहा कधीचा गार झाला होता, पण ऐकायचं होतं ना.

प्राचार्यांनी विचारलं, "टाकळीकर सर, एकच सांगा. ह्या मुलाला तुम्ही ओळखता का?"

बघा कशी कात्री होती. 'ओळखत नाय' म्हणावं, तर सर सुटले, मोकळे. पण मग मोईनची शिफारस, सरांना जिचा अजून पत्ताच नव्हता, ती कोण करणार? बेंगळूर गेलं. 'ओळखतो' म्हणावं, तर लोक म्हणणार, बघा, आतनं संधान होतंच, आयुष्यभराच्या नावाला काळं.

मोईनच आधी बोलला. लाजाळू पोरगं, पण त्या दिवशी आवाज खणखणीत.

"साहेब, सर मला बिल्कुल ओळखत नायत. मीच त्यांच्या मागं लागलो. सीताफळं मी नेली, बॅनर माझ्या बोलण्यानं लागलं. सरांचा ह्यात काही संबंध नाय. सर मला ओळखतच नायत."

प्राचार्यांनी मान डोलावली. विषय संपत आला होता. अन् सर ताडकन उठले.

"खोटं! हा मुलगा खोटं बोलतोय. मी याला ओळखतो."

मॅडमच्या हातातलं पेन पडलं.

"गणपतीपासून मी याच्यावर संशय घेतोय," सर म्हणाले. "पहिल्या बाकावर आला त्या दिवसापासून. प्रयोगशाळेत कपाटामागं उभा राहून याला बघितलंय मी. अख्खा वर्ग मागच्या वर्षीच्या मुलांची उत्तरं बघून आकडे टाकतो. हा टाकत नाही. हा ब्युरेटची नळी आधी स्वच्छ धुतो. गुलाबी रंग जरा जास्त चढला की ओतून देतो, स्वतःवरच चिडतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सगळे घरी जातात, हा तिथंच. आणि इतकं करून याचं उत्तर चुकतं! चुकतं, कारण ते याचं स्वतःचं असतं!"

"सर, पाणी घ्या," प्राचार्य म्हणाले.

"नको. याच्या वडिलांच्या दुकानात गेलो. चांगला कुकर नेला. न केलेल्या कामाचे पैसे त्यांच्या हातात कोंबत होतो, घेतले नाहीत. दौलताबादला जाऊन आलो. याच्या मावशीच्या दारात सीताफळाची झाडं खरंच आहेत. मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही." सर जरा थांबले. "इतके दिवस शोधतोय, एक वावगी गोष्ट सापडली नाही. एकसुद्धा! इतकं बारकाईनं मी कुठल्याच विद्यार्थ्याला पाहिलं नाही. स्वतःच्या मुलाला पण नाही."

"म्हणजे तुम्ही याला जवळून ओळखता," प्राचार्य म्हणाले.

सरांच्या तोंडावर असं काही आलं, जसं हेल्मेटमधी मुंगी शिरलीय. मग खाली बसले.

"हो," म्हणाले. "दुर्दैवानं."

दारात कडूबाईंनी ट्रे ठेवला अन् पदर डोळ्याला लावला. चौकशी तिथंच मिटली. पेपर तसा बी दुसऱ्याकडं गेला होता.

बाहेर आल्यावर सरांनी मोईनला खांबाशी गाठलं. "आता मला सांग, तुला पाहिजे काय होतं?"

मोईननं सांगितलं.

"एवढंच?" सर ओरडले. "एवढ्यासाठी मी बिल्डिंगभर साली गोळा करत हिंडलो?"

पण पोरानं नाव भरलं, बेंगळूरहून सरांच्या मोबाईलवर प्रश्न आले, अन् शिफारस सरांनी त्याच दिवशी पाठवली. मोबाईलवर टाईप करताना दुसऱ्या हातानं पडदा झाकून धरलेला, मोईन जवळ आला की "मागं हो" म्हणायचे. पण चष्मा घरी राहिला होता, म्हणून कडूबाईंना हाक मारून विचारायचे, हे अक्षर बरोबर उमटलंय का. कडूबाईंनी समदं वाचलं, अन् संध्याकाळपर्यंत समद्या कॉलेजला पाठ होतं. तिथं विचारलं होतं, विद्यार्थ्याला कधीपासून ओळखता? सरांनी लिहिलं, गणपतीपासून. कशावरून ओळखता? सरांनी लिहिलं, संशयावरून. अन् त्याच्या चारित्र्याबद्दल काय सांगाल? तर लिहिलं, आक्षेप घेण्याजोगं आजपर्यंत काही सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

बेंगळूरवाल्यांनी म्हणे ते वाचून सरांना फोन केला, की अशी शिफारस आम्ही जन्मात बघितली नाय. सरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही खरंच संस्थेतून बोलताय कशावरून?"

पोराची निवड झाली. परवाच्या गाडीनं चाललाय. सरदारभाई आठ दिवस झाले दुकानात गिऱ्हाइकाला चहा पाजायलेत, नको म्हणणाऱ्याला बी आता धरून पाजत्यात. अन् सर काल येऊन गेले गल्लीत. ह्या वेळी बिगर हेल्मेटचे. चहा मात्र नाय घेतला.

म्हणून पाव्हणं, एक विनंती हाय. तुमचं कुणी बेंगळुरात असंल, भाचा, मेव्हणा, कुणी बी, तर त्याला जरा आमच्या मोईनचं सांगा. पोराला सांभाळा, असं नका सांगू. सांभाळायला त्याची माय दिवसातनं चार फोन करणार हाय. जेवू घाला असं बी नका सांगू. पोरगं लाजाळू हाय, परक्या गावात पुन्हा खांब बघून त्याच्या आड बसंल अन् कुणाला दिसायचं नाय. तर एवढंच सांगा, त्याच्यावर जरा संशय घ्या म्हणावं. चांगला, बारीक नजरेचा संशय. तेवढं कराल ना?